‘कितीला पडलं?’ : व्हिएतनामचा बाजार आणि मराठी प्रवासी

मराठी प्रवासलेखनात गेल्या तीन-चार वर्षांत एका नव्या उपप्रकाराची भर पडली आहे. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतील पर्यटन-विभाग, सहल कंपन्यांची पत्रके आणि यूट्यूबवरील चित्रफिती या सर्व ठिकाणी तो आढळतो आणि सर्वत्र त्याची रचना एकच असते. आधी बाजाराचे नाव, मग तिथे मिळणाऱ्या वस्तूंची यादी, विक्रेता काय भाव सांगेल, आपण त्याच्या किती टक्क्यांपासून सुरुवात करावी, पाठ फिरवून निघून जाण्याचे नाटक नेमके कोणत्या क्षणी करावे, आणि अखेरीस लेखकाने वा लेखिकेने अमुक वस्तू अमुक किमतीला कशी ‘पाडून’ आणली याची विजयगाथा. या लेखनाचा नायक प्रवासी असतो, प्रतिनायक विक्रेता असतो आणि वस्तू ही केवळ रणभूमी असते. ह्या उपप्रकारावर आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन अभिरुचीपुरता नाही.

प्रश्न चार-दोन हौशी लेखकांचा असता तर आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु २०१९ साली व्हिएतनामला गेलेल्या भारतीयांची संख्या पावणेदोन लाखांच्या आत होती, ती २०२४ साली पाच लाखांवर गेली. २०२२ मध्ये मुंबईहून थेट विमाने सुरू झाली. ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा इ-व्हिसा घरबसल्या मिळू लागला. ज्यांचे थायलंड-सिंगापूर पाहून झाले आहे आणि ज्यांना युरोप परवडत नाही, अशा मोठ्या वर्गासाठी व्हिएतनाम हा पुढचा मुक्काम ठरला आहे. त्या वर्गात मराठी माणूस भरपूर आहे. तो जाण्यापूर्वी हे लेख वाचतो, चित्रफिती पाहतो, आणि सायगावच्या बेन थान्ह बाजारात किंवा हनोईच्या दोंग शुआन बाजारात शिरताना त्याच्या डोक्यात त्या देशाविषयी जी काही पूर्वतयारी असते ती बहुतेक हीच असते. म्हणजे हे लेखन वाचले जाते, इतकेच नव्हे तर ते पाळले जाते. म्हणून त्याची झडती घेणे आवश्यक वाटते.

प्रवासाहून काही तरी आणण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. काशीहून गंगेचा गडू आणि काळा दोरा, पंढरपूरहून बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्तासे. हे आणणारा माणूस ते वाड्यातल्या घराघरांत वाटत असे. घेणारा ते कपाळाला लावत असे. ‘कितीला पडलं?’ हा प्रश्न तिथे कोणाच्या तोंडी येणे शक्य नव्हते. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, तरी घरी परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्याच्या मनात ती कावड राहते. तिची किंमत कोणी विचारत नाही, कारण ती कावड ज्या वाटेने आली ती वाट आपण वाचलेली असते. आणलेल्या वस्तूला अर्थ येतो तो अशा वाटेमुळे. वस्तू ही प्रवासाची साक्ष असते.

आता घरी आलेल्या पाहुण्यासमोर काचेच्या कपाटातला व्हिएतनामी कंदील किंवा लाखकामाची वाटी काढली जाते तेव्हा संभाषण कसे होते, ते पाहावे. ‘छान आहे हो!’ ‘सांगा बरं कितीला पडलं असेल?’ ‘पाचशे?’ ‘दोनशे तीस! सहाशे सांगत होती ती बाई.’ येथे संभाषण संपते. वस्तू कोणत्या गावची, कशाची केलेली, तिचे नाव काय, हे आणणाऱ्यालाही माहीत नसते आणि पाहणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. ही वस्तू कसलीही साक्ष देत नाही. ती एका बाईला हरवल्याची ढाल आहे, शाळेच्या कपाटात क्रीडास्पर्धेची असते तशी.

येथे एक गैरसमज आधीच दूर करतो. आम्ही घासाघीस करण्याच्या विरोधात नाही. निश्चित दराच्या पट्ट्या लावलेल्या वातानुकूलित दुकानातून मुकाट्याने खरेदी करणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे, असे मानणाऱ्या नवश्रीमंत शिष्टाचाराशी आमचे काही देणेघेणे नाही. उलट घासाघीस हा एक जुना, समृद्ध भाषिक व्यवहार आहे, असे आम्ही मानतो. पुण्याच्या तुळशीबागेत ‘मावशी, नेहमीचं गिऱ्हाईक आहे, काही तरी बघा की’ असे म्हणणारी मुलगी आणि ‘अगं बाई, माझ्या खरेदीत नाही गं तेवढं’ असे म्हणणारी विक्रेती या दोघी केवळ किंमत ठरवत नसतात. त्या नाते लावत असतात, एकमेकींच्या परिस्थितीचा अंदाज घेत असतात, थोडे नाटक करत असतात आणि ते नाटक आहे हे दोघींनाही ठाऊक असते. शेवटी भाव ठरतो तेव्हा कोणीही हरलेले नसते.

नेमकी हीच परंपरा व्हिएतनाममध्येही आहे, हे आमच्या भावतक्ते छापणाऱ्या लेखकांना ठाऊक नाही. त्या भाषेत रोजच्या बोलण्यात ‘तुम्ही’साठी एकच तटस्थ शब्द चालत नाही. समोरच्याचे वय पाहून त्याच्याशी नाते जोडावे लागते. थोडी मोठी असेल तर ‘ची’, म्हणजे ताई. लहान असेल तर ‘एम’. त्याहून मोठी असेल तर ‘को’, आत्या-मावशीच्या वयाची. म्हातारी असेल तर ‘बा’, आजी. हाक मारताना पुढे ‘ओय’ लावतात, ‘ची ओय’, म्हणजे ‘अहो ताई’. बाजारात हाक मारायची तर नात्यानेच मारावी लागते. विक्रेत्याने मुद्दाम चढवून भाव सांगण्याला तिथे ‘नॉय थाच’ असा स्वतंत्र शब्द आहे, शब्दशः आव्हान देऊन बोलणे. म्हणजे चढा भाव ही फसवणूक नसून खेळाचे निमंत्रण आहे, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. त्या निमंत्रणाला तिथली गिऱ्हाइके रोज उत्तर देतात.

आणखी एक शब्द मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. ‘मो हांग’ म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आपली भवानी. पहिले गिऱ्हाईक कसे मिळते त्यावर दिवस कसा जाणार हे ठरते, अशी तिथल्या विक्रेत्यांची श्रद्धा आहे. सकाळी सकाळी येऊन, दहा वस्तू उलथ्यापालथ्या करून, भाव पाडून, काही न घेता निघून जाणारा माणूस गेला की कागद पेटवून दुकानापुढची अवदसा घालवण्याची रीत काही जण अजून पाळतात. आपल्याकडची भाजीवाली ‘भवानीची वेळ आहे, नाही म्हणू नका’ असे म्हणते तेव्हा आपण काही तरी घेतोच, निदान कोथिंबिरीची जुडी तरी. हाच माणूस हनोईत सकाळी आठ वाजता, बस सुटायला अर्धा तास आहे म्हणून, पाच दुकानांची भवानी मोडून येतो आणि नाश्त्याच्या टेबलावर त्याला ‘बाजाराचा अंदाज घेतला’ असे म्हणतो. ही रीत त्याला परकी आहे असे मुळीच नाही, ती त्याची स्वतःचीच आहे. केवळ दुसऱ्या भाषेतल्या बाईलाही भवानी असू शकते, हे त्याच्या मनात येत नाही.

ह्या भाषेच्या जागी आता काय आले आहे? कॅल्क्युलेटर. विक्रेती त्यावर आकडा टाकते, प्रवासी तो पुसून आपला आकडा टाकतो. यंत्र इकडून तिकडे फिरते. होई आनच्या रात्रीच्या बाजारात कंदिलांच्या एका दुकानापुढे आम्ही हा प्रकार पुरता पाहिला. रेशमी कापडाचा, बांबूच्या कामट्यांचा, घडी होणारा कंदील. विक्रेतीने दीड लाख डोंग टाकले, आमच्या मराठी भगिनीने चाळीस हजार. पंधरा मिनिटांनी एकीकडे ऐंशी आणि दुसरीकडे सत्तर हजार उरले. साधारण तीनशे डोंग म्हणजे एक रुपया. म्हणजे उरलेला फरक तेहेतीस रुपयांचा होता. त्या तेहेतीस रुपयांसाठी आणखी दहा मिनिटे, तीनदा निघून जाणे आणि दोनदा परत येणे झाले. अखेर सत्तरला सौदा झाला. वळताना त्या बाई सोबतच्या मंडळींना म्हणाल्या, ‘अजून पाडलं असतं.’ पंचवीस मिनिटांत दोघींमध्ये एकही शब्द बोलला गेला नव्हता. घासाघिशीतून भाषा काढून घेतली की उरते ती वजाबाकी. तिच्यात नाते नसते, म्हणून तिला थांबायचे कुठे हेही कळत नाही.

सर्व भावतक्त्यांत दोनच व्हिएतनामी वाक्ये शिकवलेली असतात : ‘किती?’ आणि ‘फार महाग!’ नमस्कार आणि आभार हे शब्दही कित्येकदा त्यांत नसतात. एखाद्या भाषेतले एवढेच दोन उद्गार घेऊन त्या देशात जाणारा माणूस तिथून काय घेऊन येणार?

याच लेखनात हमखास येणारा दुसरा विनोद म्हणजे ‘आम्ही करोडपती झालो!’ विमानतळावर पैसे बदलून हाती आलेल्या नोटांचा पंखा करून छायाचित्र काढायचे. पाच लाखांची नोट व्हिएतनामची सर्वांत मोठी नोट आहे, आणि आपल्या नोटांवर जसे गांधीजी तसे तिच्यावर हो चि मिन्ह आहेत. त्या नोटेवरची शून्ये कशी आली, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. १९७५ पर्यंत चाललेली युद्धे, त्यानंतर अमेरिकेने १९९४ पर्यंत चालवलेली व्यापारबंदी, १९८५ चा फसलेला चलनबदल, १९८६ मध्ये सातशे टक्क्यांच्या वर गेलेली महागाई. ज्या पिढीने आयुष्यभराची पुंजी हातात रद्दी होताना पाहिली, ती पिढी आज बाजारातल्या दुकानांच्या मागच्या बाजूला प्लास्टिकच्या लहान स्टुलावर बसलेली असते. त्या शून्यांवर हसण्याआधी त्यांची वये मोजावीत.

आणि हा देश ‘स्वस्त’ आहे, म्हणजे ‘गरीब’ आहे, हे समीकरणही तपासून घ्यावे. १९८६ च्या ‘दोई मोई’ ह्या आर्थिक सुधारणांनंतर व्हिएतनाम इतका पुढे गेला आहे की आज त्याचे दरडोई उत्पन्न भारताच्या दीडपटीहून अधिक आहे. आपण तिथे श्रीमंत म्हणून जात नाही. तिथल्या विक्रेत्याच्या डोळ्यांत आपण श्रीमंत असतो, ते केवळ आपण विमानाने आलो म्हणून. गोऱ्या साहेबाने आपल्याकडच्या बाजारात फिरताना जी मिजास दाखवली तिच्यावर आपल्या साहित्याने भरपूर लिहिले. ती मिजास उसनी घेऊन शेजारच्या बाजारात मिरवणे हे निदान आपल्याला शोभत नाही.

आता वस्तूंकडे वळू. त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

लाखकामाच्या वाट्या, तबके, डबे सर्वांत अधिक खपतात. त्याला तिथे ‘सन माय’ म्हणतात. आपल्या सावंतवाडीच्या कामातली लाख कीटकापासून येते, तर त्यांचे ‘सन’ म्हणजे एका झाडाचा चीक. तो थरावर थर चढवायचा, दमट हवेत वाळवायचा, आणि प्रत्येक थर पाण्याने घासायचा. ‘माय’ म्हणजे घासणे. आतले रंग वर येतात ते घासल्यामुळे. १९२५ साली हनोईत फ्रेंचांनी कलाशाळा काढली, तिथल्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी देव्हारे आणि फर्निचर यांवरचे हे जुने काम चित्रकलेत आणले, आणि न्गुएन जा ची ह्या चित्रकाराने त्याला आधुनिक कलेत मानाची जागा मिळवून दिली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला बाजारातल्या दोनशे रुपयांच्या वाटीवर औद्योगिक रंगाचा हात फिरवलेला आहे, हे लगेच कळेल. कळल्यावरही ती वाटी त्याने खुशाल घ्यावी. पण मग खऱ्या ‘सन माय’च्या दुकानात जाऊन तीच किंमत मागणार नाही आणि ‘लुटतात हो’ असे परत येऊन लिहिणार नाही.

शंकूच्या आकाराची पानांची टोपी, ‘नॉन ला’, ही तर व्हिएतनामची खूणच. समूहछायाचित्रासाठी ती सर्वांच्या डोक्यावर चढते आणि बहुतेकदा हॉटेलच्या खोलीत सोडून दिली जाते, कारण ती बॅगेत मावत नाही. मध्य व्हिएतनामातील ह्युए ह्या जुन्या राजधानीत तिचा एक प्रकार होतो, त्याला कवितेची टोपी म्हणतात. पानांच्या दोन थरांमध्ये कवितेच्या ओळी किंवा एखादे चित्र बसवलेले असते. एरवी ते दिसत नाही. टोपी उन्हाकडे धरली की आतली अक्षरे दिसू लागतात. कविता शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून मोलाची वस्तू कोणती वाटावी? आम्ही वाचलेल्या एकाही भावतक्त्यात तिचा उल्लेख नाही. ‘टोपी – पन्नास हजार सांगतात, वीसला मिळते’ एवढीच नोंद असते. ती टोपी साधी की कवितेची, हे त्या लेखकाला कळण्याचा मार्ग नव्हता, कारण त्याने ती उन्हाकडे धरलेलीच नव्हती.

हनोईच्या पूर्वेला बाक निन्ह भागात दोंग हो नावाचे गाव आहे. तिथे लाकडी ठशांनी छापलेली लोकचित्रे होतात. शिंपल्यांची पूड लावलेला कागद, बांबूच्या पानांच्या कोळशाचा काळा रंग, फुलांपासून काढलेला पिवळा. त्यांतले ‘उंदरांचे लग्न’ हे चित्र प्रसिद्ध आहे : उंदरांची वरात निघाली आहे आणि वाटेत बसलेल्या मांजराला उंदीर पक्षी आणि मासा नजर करीत आहेत, वरात सुखरूप जावी म्हणून. पिंगुळीच्या चित्रकथी पाहिलेल्या माणसाला हे चित्र परके वाटू नये. लाचखोरीवर इतके हसरे आणि इतके कडू भाष्य भेट म्हणून कोणाही कचेरीतल्या मित्राला देता येईल. हे काम करणारी घराणी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तरी आपली मंडळी चुंबक आणतात. शीतकपाटाला चिकटवण्याचे चुंबक, डझनाच्या भावात, पंधरा नातलगांसाठी पंधरा.

ह्यावर कोणी म्हणेल की व्हिएतनामी लोककलेशी आमचा काय संबंध? ठीक. मग जिथे संबंध आहे असे आपण छाती ठोकून सांगतो तिथे काय चित्र आहे, ते पाहू. मी सनची शैव मंदिरे पाहताना आपल्या प्रवाशांचा ऊर भरून येतो. चाम राजांनी उभारलेली ही मंदिरे १९६९ साली अमेरिकी बाँबहल्ल्यांत मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाली. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामात एक अखंड शिवलिंग सापडले. ते छायाचित्र भारतभर फिरले. ‘बघा, आपली संस्कृती कुठपर्यंत होती!’ परंतु चाम लोक हे काही पुराणवस्तू झालेले नाहीत. ते आजही तिथे राहतात. फान रांगजवळच्या बाऊ च्रुक गावातल्या चाम स्त्रिया चाकाशिवाय मडकी घडवतात. मडके एका जागी स्थिर असते आणि ते घडवणारी बाई त्याच्याभोवती फिरते. युनेस्कोने २०२२ साली ह्या कलेची नोंद तातडीने जपण्याजोग्या वारशांच्या यादीत केली. ‘आपल्या संस्कृती’चा अभिमान बाळगणाऱ्या किती पर्यटकांच्या घरी बाऊ च्रुकचे मडके आहे? एखाद्या सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत तरी ते गाव आहे का? जिवंत चाम बाईच्या हातचे मडके नको, आणि तिच्या पूर्वजांचे शिवलिंग मात्र आपले, ह्याला काय म्हणावे?

याच जातीची दुसरी गोष्ट. व्हिएतनामच्या एका राष्ट्राध्यक्षाने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवल्याचे सांगितले, असा संदेश मराठी घरांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला ना दिनांक असतो, ना आधार. ज्या देशाने तेराव्या शतकात मंगोल सैन्याला परतवले, पंधराव्या शतकात ले लोईच्या नेतृत्वाखाली मिंग सत्तेला दहा वर्षांच्या झुंजीनंतर हुसकावले, त्याला स्वतःचा गनिमी कावा होता. महाराजांच्या थोरवीला असल्या बनावट प्रमाणपत्राची गरज नाही, आणि व्हिएतनामच्या पराक्रमाला आपल्या आशीर्वादाची नाही. पण हा संदेश म्हणजेही एक स्मरणवस्तूच आहे. फरक एवढाच की ती आपण तिथून आणलेली नसून इथूनच घेऊन जातो. बाजारात त्या देशाकडे न पाहणे आणि इतिहासात त्या देशाकडे न पाहणे, ह्या दोन्हींचे मूळ एकच आहे.

युद्धाच्या स्मरणवस्तूंविषयी मात्र थोडे वेगळे बोलले पाहिजे. सायगावच्या बाजारांत अमेरिकी सैनिकांची म्हणून कोरीव मजकुराची लायटरे विकायला असतात. त्यांतली बहुतेक नकली. कू चीच्या भुयारांपाशी टायरच्या चपला, काडतुसांची जुडगी मिळतात, आणि पैसे भरून खऱ्या बंदुकीने गोळ्याही झाडता येतात. हे सर्व व्हिएतनामी लोक स्वतःच विकतात, तेव्हा त्यांना शिकवण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्याने जखम सोसली त्याने ती विकावी की झाकावी हा त्याचा प्रश्न. पण टायरची चप्पल ही एका अभावग्रस्त सैन्याची पादत्राणे होती आणि स्वतः हो चि मिन्ह तीच घालत, हे ठाऊक असलेल्या माणसाने ती ‘गंमत म्हणून’ घेऊ नये. वापरायला घ्यावी. चांगली टिकते.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे येऊ. पहिला : ‘ते परदेशी माणसाला दुप्पट-तिप्पट सांगतात, मग आम्ही का सोडावे?’ सोडू नये. चढा भाव हे खेळाचे निमंत्रण आहे, हे वर म्हटलेच आहे. खेळावे, आणि खेळ म्हणूनच खेळावे. फसवणारे विक्रेते तिथे आहेतच, जसे ते आपल्या प्रत्येक तीर्थक्षेत्री आहेत. पण फसवले जाण्याच्या भीतीने आधीच प्रत्येकीला चोर ठरवून बाजारात उतरणे ही सावधगिरी नव्हे. ती अशिष्टता आहे.

दुसरा : ‘मध्यमवर्गीय माणूस पै-पै साठवून जातो, त्याला पंधरा घरी काही तरी न्यावे लागते. तुम्ही प्राध्यापक मंडळी त्याला कलाकुसरीची प्रवचने देता.’ ह्या आक्षेपात तथ्य आहे. नातलगांना काही न आणणे आपल्याकडे अपराध मानला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु पंढरपूरहून येणाराही गरीबच होता. त्याने पंधरा घरी बुक्क्याची चिमूट दिली आणि ती पुरली. पंधरा चुंबकांऐवजी कॉफीची दोन पाकिटे आणि ती गाळण्याचे एक धातूचे गाळणे आणावे, पंधरा घरच्या माणसांना बोलावून ती प्यायला द्यावी. आटवलेल्या दुधावर थेंब थेंब पडणारी ती कॉफी आपल्या जिभेला परकी वाटणार नाही. खर्च कमी होईल आणि गप्पा जास्त होतील.

तिसरा आक्षेप सर्वांत हुशार आहे : ‘बाजारातला निम्मा माल चीनमधल्या कारखान्यांतला, मग कसले गाव आणि कसला कारागीर?’ खरे आहे. २०१७ साली हनोईतील एका नामांकित रेशीमविक्रेत्याने चिनी माल व्हिएतनामी म्हणून विकल्याचे उघड झाले तेव्हा सर्वांत अधिक संतापले ते व्हिएतनामी ग्राहक. पण मग ह्याचा निष्कर्ष काय? माल कारखान्यातला असेल तर ‘कुठला?’ हा प्रश्न अधिकच विचारला पाहिजे. तो कोणीच विचारत नाही, सर्व जण फक्त ‘कितीला?’ विचारतात, म्हणूनच कारखान्याचा माल गावाच्या मालाला बाजारातून हुसकावतो. हनोईच्या जुन्या पेठेतल्या रस्त्यांच्या नावांत ‘हांग’ हा शब्द येतो, म्हणजे माल. हांग बाक चांदीचा, हांग गाय एके काळी तागाचा आणि आता रेशमाचा. आपल्या तांबट आळी, बुरूड आळीसारखेच. आपल्या आळ्यांत आज किती तांबट आणि किती बुरूड उरले, हे पुण्याच्या माणसाला सांगायला नको. ते का उरले नाहीत, हेही नको.

आणि इथेच ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात ‘प्राडा’ ह्या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्र खवळला, आणि योग्यच खवळला. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. आपले म्हणणे काय होते? ‘ह्या चपलेला नाव आहे, गाव आहे, ती करणारे हात आहेत, ते सांगा.’ कंपनीला अखेर ह्या वारशाची कबुली द्यावी लागली. आता हाच न्याय आपण व्हिएतनामच्या बाजारात स्वतःला लावून पाहू. नाव न घेता, गाव न विचारता, हात न पाहता वस्तू उचलणारे तिथे आपणच असतो. मिलानच्या त्या मंचावर निदान चपलेचे कौतुक तरी होते. आपण तेही करत नाही, कारण कौतुक केले तर भाव वाढेल, असे भावतक्त्यात लिहिलेले असते.

हे वाक्य खरोखरच लिहिलेले असते. ‘वस्तू आवडली आहे हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका.’ प्रवासलेखनाचा याहून मोठा पराभव आम्हाला कल्पिता येत नाही. हजारो मैल जाऊन, आवडलेली वस्तू हातात घेऊन, ती आवडली नाही असा चेहरा करायला माणसाला शिकवणारे हे लेखन आहे. चांगले प्रवासवर्णन नेमके याच्या उलट शिकवते : पाहा, थांबा, आवडले तर आवडले असे म्हणा. दोन पैसे अधिक गेले तर जातील.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. विक्रेतीला तिच्या भाषेत ताई किंवा मावशी म्हणावे, ते दोन शब्द शिकायला विमानातला वेळ पुरतो. घासाघीस दुपारनंतर करावी, सकाळी तिची भवानी होऊ द्यावी. घ्यायचे नसेल तर भाव पाडू नये. एक वस्तू घ्यावी आणि तिची चौकशी करावी : कुठली, कशाची, कशासाठी. आणि पुढच्या दिवाळी अंकात व्हिएतनामवर लिहिणाऱ्यांनी भावांचा तक्ता छापायचा असेल तर खुशाल छापावा, पण त्यात किमतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा, गावाच्या नावाचा. तो भरता आला नाही तर ती ओळ गाळावी.